शाझलीचे बावीस लाकडी पाय

सुएझच्या अरबईन मोहल्ल्यात, मरसा क्लबच्या फाटकासमोर शाझलीचं बूट शिवायचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट! आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहूनच बोलायचं. बापाच्या वेळेपासून तिथे गोदीतल्या हमालांच्या चपला दुरुस्त व्हायच्या, आणि मरसा क्लबही त्या हमालांनीच काढलेला. कालव्याच्या कंपनीचं हिरवंगार मैदान होतं. भोवती तारेचं कुंपण, आत फक्त साहेबलोक. हमाल मंडळी मिठागराच्या कडेला, खारट टणक जमिनीवर अनवाणी खेळायची. एका वर्षी कंपनीने गंमत म्हणून त्यांना सामन्याला बोलावलं. अट एकच: पायांत बूट हवेत.

त्या वेळी शाझली वीस वर्षांचा होता आणि बाप दम्याने अंथरुणाला खिळलेला. हमालांचा मुकादम दुकानाशी येऊन म्हणाला, "नऊ दिवसांत अकरा जोड. जमेल?"

"मी फुटबॉलचा बूट जवळून बघितलेलासुद्धा नाही."

"आम्ही तरी कुठे बघितलाय? बघितलेला असता तर तुझ्याकडे कशाला आलो असतो!"

शाझलीने जमवलं. टाकाऊ चामडी वादीतून, जुन्या पट्ट्यांतून चामडं काढलं, तळाशी चामड्याच्या चकत्या एकावर एक ठोकून खुंट्या केल्या. सामन्यात मरसा एका गोलने जिंकला आणि कंपनीने पुन्हा कधी बोलावलं नाही. क्लबच्या दिवाणखान्यात जे पहिलं मानाचं चिन्ह टांगलं गेलं तो चषक नव्हता. तो गोल ज्या बुटाने झाला तो बूट होता. त्याची टाच सामन्यातच उखडली होती, आणि शाझलीला ते बघून पुढे कित्येक वर्षं लाजल्यासारखं व्हायचं.

तेव्हापासून क्लबचे बूट त्याच्याकडे. त्याची पद्धत अशी होती, की खेळाडू संघात आला की त्याचा पाय कागदावर ठेवून रेघ मारायची, सुतळीने उंची घ्यायची आणि होड्या बांधणाऱ्या सुताराकडून तुतीच्या लाकडाचे दोन पाय घडवून आणायचे. डावा आणि उजवा, बूट शिवायचे साचे. मग कुणाच्या अंगठ्याशी हाड वाढलेलं असेल तर साच्यावर तिथे चामड्याचा तुकडा चिकटवायचा, कुणाची टाच बारीक असेल तर कानशीने घासायची. साचा खेळाडूबरोबर म्हातारा व्हायचा. मैदानावर शाझली चेहऱ्यांकडे बघतच नसे. "सात नंबरला का बदलला?" असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "सात नंबर कोण? हां, तो रुंद चवड्याचा!"

लोक त्याला अम्म शाझली म्हणायचे, म्हणजे शाझलीकाका. चाळिशीच्या आतच तो सगळ्या मोहल्ल्याचा काका झाला होता. त्याच्या बायकोला, बहियाला, मात्र फुटबॉलचं नाव काढलेलं खपत नसे. ती मासेमारांच्या घरची, तोंडाने तिखट. दर शुक्रवारी नवरा मैदानावर, घरात मात्र चामड्याचा वास. "सनिय्याच्या बापा," ती म्हणायची, "माझ्या बापाने मला माणसाला दिली होती. तू निघालास बावीस पायांचा खेकडा." सनिय्या ही त्यांची एकुलती मुलगी, ती लग्न होऊन अलेक्झांड्रियाला गेलेली.

सदुसष्टच्या जूनमध्ये लढाई झाली. कालव्याच्या पलीकडच्या काठावर शत्रू येऊन बसला आणि शहरावर तोफगोळे पडू लागले. ऑक्टोबरात तेलाचा कारखाना पेटला, धुराने दोन दिवस सूर्य दिसला नाही. मग सरकारी ट्रक आले. माणशी एक गाठोडं, जिथे नेतील तिथे जायचं. बहियाने गोधड्या आणि भांडी बांधली. तिची धाकटी बहीण नईमा पुढच्या ट्रकमध्ये चढली होती. "उतरल्यावर भेटू," असं दोघी ओरडून बोलल्या. शाझली दोन पोती घेऊन आला.

"काय आहे त्यात?" बहियाने विचारलं.

"हत्यारं."

"एका पोत्यात हत्यारं. दुसऱ्यात?"

शाझलीने दुसरं पोतं पायांमागे सरकवलं. ट्रक हलल्यावर पोत्याचं तोंड सुटलं आणि एक लाकडी पाय घरंगळत तिच्या मांडीशी आला. तिने तो उचलून बघितला. "लोक कुराण घेऊन निघालेत, पिठाची चाळण घेऊन निघालेत, आणि माझा नवरा सरपण घेऊन निघालाय," ती म्हणाली, पण पाय तिने परत पोत्यात घातला.

त्यांना शर्किया प्रांतातल्या कफ्र अल-तूत नावाच्या खेड्यात उतरवलं. नईमाचा ट्रक वाटेत कुठे वळला ते ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हतं. शाळेच्या एका वर्गात दोन कुटुंबं, मधे चादर. समुद्र पन्नास कोसांवर राहिला. गावाजवळच्या पाटाच्या गोड्या पाण्यातला मासा बहियाने एकदा तळला आणि ताट सरकवून दिलं. "चिखल खाल्ल्यासारखं वाटतं." गावकरी वाईट नव्हते, भाकरी-पनीर आणून द्यायचे, पण ही शहरी, समुद्रावरची, मोठ्याने बोलणारी माणसं त्यांना जरा विचित्रच वाटायची. त्यात एका बाईने चादरीच्या फटीतून लाकडी पायांची रांग बघितली. दुपारपर्यंत गावभर झालं, की सुएझवाले आपल्या मेलेल्यांचे पाय बरोबर घेऊन फिरतात.

गावचा उमदा, म्हणजे पाटील, हाज मुतवल्ली स्वतः आला. साठीचा, भारदस्त, चालताना किंचित लंगडणारा.

"उस्ताद," तो घसा साफ करत म्हणाला, "तुमच्या रीतिरिवाजांत आम्ही ढवळाढवळ करणार नाही. पण शाळेत लेकरं येतात. दफन करायचं असेल तर जागा देतो."

चादरीमागे बहिया इतकी हसली, की तिला उचकी लागली. सुएझ सोडल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. शाझलीने एक साचा काढून हाजच्या हातात दिला, बूट कसा शिवतात ते समजावलं. हाजने तो उलटसुलट करून बघितला. मग हळूच विचारलं, "बारा वर्षांपूर्वी माझ्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं. बुटात पाय जातच नाही. असा एक माझा होईल?"

झाला. आठ दिवसांनी हाज मुतवल्ली न लंगडता मशिदीत गेला आणि शाझलीला आटा-चक्कीशेजारची एक खोली मिळाली.

पाच-सहा महिन्यांनी उस्ताद वदी तिथे येऊन थडकला. वदी हा मरसा क्लबचा चिटणीस, पोस्टात कारकून, कडक इस्त्रीचा माणूस. आता शर्टाची कॉलर विरली होती, पण टाय होता. बगलेत चामडी बॅग.

"क्लब कुठे आहे म्हणतोस, अम्म शाझली? मैदानावर विमानविरोधी तोफा उभ्या आहेत. दिवाणखान्याला छप्पर नाही. क्लब या बॅगेत आहे." त्याने बॅगेतून क्लबचा निळा झेंडा, रबरी शिक्का आणि एक कागद काढला. कागदावर अकरा नावं आणि अकरा गावं. पोस्टातल्या मित्रांकरवी त्याने एकेकाचा माग काढला होता. गोलरक्षक मन्सुऱ्यात पाव भाजत होता. रुंद चवड्याचा सात नंबर कैरोत बसचं तिकीट फाडत होता. कर्णधार झकरिया तंत्यात, सरकी काढायच्या कारखान्यात होता.

"झेंडा तुमच्याकडे," शाझली म्हणाला, "आणि पाय माझ्याकडे."

त्यातूनच सगळं सुरू झालं. वदीच्या डोक्यात होतं, की गावोगाव विखुरलेल्या सुएझवाल्यांसाठी सामना भरवायचा. जवळच्या झगाझिग शहराचा संघ खेळायला तयार होता. पण कुणाकडे बूट नव्हते. घरं सोडताना बूट कुणाला आठवतात? शाझलीला खेळाडू समोर असायची गरज नव्हती. हाज मुतवल्लीने म्हशीचं कातडं मिळवून दिलं, गावकऱ्यांनी जुनी जुंपणी, पखाली आणून टाकल्या. महिन्याला दोन जोड तयार व्हायचे आणि बसवाल्यांच्या हाती एकेका गावी रवाना व्हायचे. उत्तरं यायची. गोलरक्षकाने पिशवीभर पाव पाठवले. सात नंबरने लिहिलं, 'अम्म, घातले आणि रडलो. बसमध्ये रडलो. उतारूंना वाटलं, तिकिटं हरवली.'

झकरियाचा जोड मात्र परत आला. आत चिठ्ठी होती. 'कुणाला तरी देऊन टाका. मी आता खेळत नाही.'

शाझलीने चिठ्ठी दोनदा वाचून घेतली, कारण त्याला अक्षरं जेमतेम लागायची. मग बूट काखेत मारून तंत्याची वाट धरली.

झकरिया कारखान्याच्या मागच्या आवारात गासड्यांवर बसला होता. केसांत, भुवयांत कापूस. सत्तावीस वर्षांचा गडी, पण खांदे पडलेले. धाकटा भाऊ तेलाच्या कारखान्यातल्या आगीत गेला होता, हे शाझलीला ठाऊक होतं. तो दुखवट्याचे दोन शब्द बोलला. झकरिया मान हलवून एकदम म्हणाला, "अम्म, माणसं मरतायत. मी चेंडू लाथाडत फिरू? लोक थुंकतील. मीच थुंकेन."

शाझलीला भाषण करता येत नव्हतं. येत होतं ते एवढंच. "खेळू नकोस. पण बूट दुसऱ्याला देऊ कसे? तुझी डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. असा पाय मी दुसरा बघितला नाही. निदान घालून दाखव, म्हणजे माझी शिवण बरोबर होती का ते तरी कळेल."

"कशाला?"

"दोन बस बदलून आलोय, बाबा."

झकरियाने नाइलाजाने पाय घातला. बूट अर्ध्यावर अडला. शाझली खाली बसला, पाय हातात घेतला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. दहा-दहा तास उभं राहून पाय सुजला होता, चवडा पसरला होता, टाचेला भेगा होत्या. साचा चुकीचा नव्हता. पायच बदलला होता. त्याने खिशातून सुतळी काढली.

"हे काय करताय?"

"गप बस. हलू नकोस."

माप घ्यायला एरवी पाच मिनिटं लागायची. त्या दिवशी तास लागला. शाझली सुतळीला गाठी मारत होता आणि झकरिया बोलत होता, आधी कारखान्याबद्दल, मग आईबद्दल, मग भावाबद्दल. भाऊ आगीकडे का धावला, कुणाला ओढून काढायला धावला, सगळं. शाझली फक्त "हं" म्हणत राहिला. शेवटी झकरियाने बाहीने तोंड पुसलं. "तो माझे जुने बूट घालायचा, अम्म. दोन मापं मोठे. पुढे कापूस कोंबून."

"मला माहीत आहे. मीच कोंबून द्यायचो," शाझली म्हणाला. "नवीन जोड सामन्याच्या दिवशी तयार असेल. न्यायला ये. खेळू नकोस, नुसता ने."

सामना गहू कापून झाल्यावर शुक्रवारी ठरला. हाज मुतवल्लीने स्वतःचं शेत दिलं. रोलर नव्हता, म्हणून आठवडाभर म्हशी फिरवून जमीन तुडवली. कपाशीच्या काठ्यांचे गोलखांब उभे केले. उस्ताद वदीने पोस्टातून शंभर पत्रं टाकली होती, फार तर पाचशे माणसं येतील असा त्याचा अंदाज. सकाळी दहापासून ट्रॅक्टर, ट्रक, गाढवगाड्या यायला लागल्या. दुपारपर्यंत चार हजार झाली. मन्सुरा, तंता, बन्हा, जिथे जिथे सुएझचं माणूस फेकलं गेलं होतं तिथून. आणि मैदानाकडे कुणी बघतच नव्हतं. जो तो दुसऱ्याचं तोंड निरखत होता. "तू उम्म हसनची मुलगी ना?" "अरे, तुझी मिशी कुठे गेली?" एकाने सिमसिमिया आणली होती, तिच्या तारा लावता लावताच भोवती पन्नास जण गायला लागले.

बहिया सामन्याला येणारच नव्हती. हाजच्या बायकोने ओढत आणली म्हणून आली. बांधावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी तिच्या नावाने असं किंचाळलं, की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. नईमा होती. दीड वर्ष बहिणी एकमेकींपासून चौदा कोसांवर राहत होत्या आणि दोघींनाही पत्ता नव्हता. त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मग भांडल्या, "तू शोधलं का नाहीस?" "तू का नाही?", आणि मग बियांचा पुडा मधे ठेवून खाली बसल्या.

झकरिया आला. नव्या जोडात पाय घातले, नाडी बांधली, उभा राहून दोनदा टाच आपटली. शाझली त्याच्या पायांकडेच बघत होता. झकरियाने अंगातला सदरा काढला आणि वदीकडे हात केला. वदीने बॅगेतून कर्णधाराची निळी पट्टी काढून दिली.

मरसा हरला. तीन-दोन. दीड वर्ष न खेळलेली माणसं ती, उत्तरार्धात सगळ्यांना धाप लागली. गोलरक्षक म्हणाला की चेंडू त्याला पावासारखा दिसत होता. पण दुसरा गोल झकरियाचा होता, डाव्या पायाचा, आणि तो झाल्यावर त्या शेतात जो आवाज झाला तो ऐकून झगाझिगच्या लोकांना वाटलं, आपणच हरलो.

परत निघताना बहियाने उरलेल्या बिया रुमालात बांधल्या. मग ती म्हणाली, "सनिय्याच्या बापा, पुढचा सामना कुठे आहे?"

"बन्ह्याला. का?"

"नईमाची नणंद अजून सापडलेली नाही."

पुढची पाच वर्षं मरसा असाच गावोगाव खेळत हिंडला आणि बहिया प्रत्येक सामन्याला गेली. खेळ तिला कळायला लागला तो त्याच दिवसांत. आधी ती माणसं शोधायला जायची, मग पंचाला शिव्या द्यायला.

चौऱ्याहत्तरमध्ये शहर परत उघडलं. अरबईनमध्ये धड उभी अशी घरं मोजकीच होती. शाझलीच्या दुकानाच्या दोन भिंती तेवढ्या होत्या, छप्पर गेलं होतं; पण दुकान म्हणजे मुळात दोन भिंतीच असल्यामुळे फारसं बिघडलं नाही, असं तो म्हणायचा. मैदानातले खड्डे बुजवायला सगळा मोहल्ला फावडी घेऊन आला. तीन वर्षांनी मरसाने कालव्याकाठच्या तिन्ही शहरांचा चषक जिंकला. झकरिया तेव्हा छत्तिशीचा होता, अंतिम सामन्यात वीस मिनिटंच खेळला. त्यानंतर क्लब वरच्या गटात गेला, पडला, पुन्हा चढला. झकरिया प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली सलग चार मोसम पहिल्या गटात टिकले, आणि कैरोचे बडे संघ सुएझहून बरोबरी घेऊन गेले तरी खूश असायचे.

मग धंदेवाईक दिवस आले. खेळाडूंना करार, क्लबला जाहिरातदार, आणि बूट पुठ्ठ्याच्या खोक्यांतून परदेशाहून. झकरियालाच ते सांगायची वेळ आली. तो दुकानाशी येऊन नुसताच उभा राहिला.

"बोल की," शाझली म्हणाला.

"अम्म, ते नवे बूट..."

"बघितले मी. एक फाडून बघितला आतून. हलका आहे. पाणी धरत नाही. माझ्यापेक्षा चांगला आहे." त्याने रापी खाली ठेवली. "मी चौसष्ट वर्षांचा झालो, झकरिया. सुईत दोरा बहिया ओवून देते. तू मला काढायला आलास आणि मीच तुझी वाट बघत होतो."

झकरियाने वाकून म्हाताऱ्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. शाझलीने त्यानंतर मासेमारांचे आणि दुखऱ्या पायांच्या म्हाताऱ्यांचे जोडे शिवले, मनात येईल तेव्हा.

क्लबने आपला इतिहास सांगणारी पुस्तिका छापली तेव्हा शाझली सत्तरीच्या पुढे होता. चकचकीत कागद, सगळे चषक, सगळ्या कर्णधारांचे फोटो. एक पान त्या निर्वासित वर्षांवर होतं. नात वाचून दाखवत होती. "'कफ्र अल-तूत इथे झगाझिगविरुद्ध पहिला सामना. मरसा विजयी, तीन-दोन.'"

"परत वाच."

तिने परत वाचलं. शाझलीने पायांत जोडे सरकवले आणि थेट क्लबचं कार्यालय गाठलं. तिथला तरुण चिटणीस लगबगीने उठला. त्याला वाटलं, पुस्तिकेत आपलं नाव एकाच ओळीत आलं म्हणून म्हातारा रागावलाय.

"अम्म शाझली, पुढच्या आवृत्तीत तुमचा फोटो—"

"फोटो राहू दे. आपण हरलो होतो."

"काय?"

"तीन-दोनने. हरलो होतो. तिथे चार हजार माणसं होती. निम्मी अजून जिवंत आहेत. ती म्हणतील, हे खोटं छापलंय, म्हणजे कालव्याचा चषकही खोटाच असेल."

"पण काका, जिंकलो लिहिलं तर कुणाचं काय बिघडलं? जरा बरं वाटतं वाचायला."

"मला हरलेलंच बरं वाटतं," शाझली म्हणाला. "तू तिथे नव्हतास."

चिटणीसाने झकरियाला फोन लावला. झकरियाने पलीकडून जे काही सांगितलं ते ऐकताना त्याचा चेहरा बदलत गेला. दोन हजार पुस्तिका छापून झाल्या होत्या. आठवडाभर कार्यालयातली मंडळी 'विजयी' या शब्दावर 'पराभूत' अशी छापील पट्टी चिकटवत बसली. शाझलीही रोज सकाळी जाऊन बसायचा. खळ लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीच्यांच्या पट्ट्या वाकड्या लागायच्या, त्याच्या सरळ.

शेवटची पुस्तिका चिकटवून झाली तो शुक्रवार होता. दुपारी घरच्या मैदानावर सामना होता. बहिया डोक्याला निळा रुमाल बांधून, बियांचा पुडा घेऊन फाटकाशी उभी होती आणि उशीर केला म्हणून लांबूनच हातवारे करत होती. दोघं आपल्या नेहमीच्या जागी, तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. सामना रटाळ झाला, गोलशून्य. पण शेवटच्या पाच मिनिटांत पंचाने मरसाचा एक चांगला गोल नाकारला आणि बहिया उठून उभी राहिली. तिचं बोलणं संपेपर्यंत भोवतालच्या चार रांगा खेळ सोडून तिच्याकडेच बघत होत्या. शाझली खाली बसून बिया सोलत होता. अर्ध्या तिच्या ओंजळीत टाकत होता, अर्ध्या स्वतः खात होता.